हेडक्लार्कचं सेवापुस्तक

बाइंडरकाकू मेलेल्या मांजराच्या कातड्यात पुस्तकं बांधते, अशी आमच्या गल्लीत पक्की बातमी होती. बातमीला पुरावाही होता. काकूने बांधलेलं कुठलंही पुस्तक उघडा, शिवणीपाशी खळीत चिकटलेले दोन-चार करडे केस सापडायचेच.

बातमी खोटी. केस चांगल्या जित्याजागत्या, दिवसाचे अठरा तास घोरणाऱ्या मांजराचे होते, आणि कव्हर साधं रेक्झिनचं. मुळात काकूला मांजरं आवडतच नसत. हे ती स्वतः सांगायची, मांजराच्या हनुवटीखाली खाजवता खाजवता.

त्याचं असं झालं. पुठ्ठा चिकटवायची खळ म्हणजे शेवटी शिजवलेलं पीठ, आणि पीठ म्हटलं की उंदीर आले. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका कचेरीच्या अकरा नोंदवह्यांच्या पाठी कुरतडून खाल्ल्या. काकू डोक्याला हात लावून बसली होती, तेवढ्यात हे करडं मांजर दारातून आत आलं, ताज्या कागदांच्या गठ्ठ्यावर चढलं आणि बसलं. ऊठ म्हटलं तर उठेना. काही विचारलं तर डोळे मिटून घेई.

"हा तर हेडक्लार्क!" काकू म्हणाली.

पुढे हेडक्लार्क बाळंत झाली तेव्हा चूक कळली, पण हुद्दा तोच राहिला. उंदीर मात्र हटले. एकेका उंदरामागे काकू भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढायची, तारखेसकट.

आता परदेशकाका. इमारतीचे अध्यक्ष. मुलाकडे परदेशात सहा वर्षं राहून आले आणि येताना एकच शब्द घेऊन आले: 'तिकडे'.

"तिकडे रस्त्यावर मांजर दिसत नाही, वहिनी. एक नाही! प्रत्येकाला घर, प्रत्येकाला डॉक्टर, प्रत्येकाची फाइल."

"आणि ज्याला घर मिळत नाही त्याचं काय करतात?"

"तिकडे तसं नसतंच."

"नसतं म्हणजे? जातं कुठे ते?"

परदेशकाकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

दुकानाच्या बाकावर माझ्या शेजारी खलाशीबाबा बसलेले. तीस वर्षं जहाजावर काढलेली, त्यामुळे प्रत्येक वादात त्यांचं एक बंदर असायचंच. "एका बंदरात मांजर खुर्चीत झोपलेलं आणि गिऱ्हाईक उभं! दुकानदार म्हणतो, उठवू नका, ती आधी आलीय. दुसऱ्या बंदरात मांजर आडवं गेलं, तर आमचा कप्तान अर्धा दिवस जहाज हलवेना."

"आणि आपल्याकडे?" काकूने विचारलं.

"आपल्याकडे सकाळी दूध, संध्याकाळी दगड. हातसुद्धा तोच."

परदेशकाकांनी सोमवारी पालिकेला अर्ज टाकला: 'तळमजल्यावर एक बेवारस मांजर आहे, ते उचलावे.' गाडी गुरुवारी येणार. त्या गाडीतून गेलेलं मांजर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

काकूच्या हातातला खळीचा ब्रश तसाच राहिला. मांजर माझं आहे असं सांगावं, तर इमारतीचा नियम आडवा: पाळीव प्राणी ठेवणाऱ्याने गाळा सोडावा. नियमही परदेशकाकांचाच. माझं म्हटलं तर दुकान जातं, माझं नाही म्हटलं तर मांजर जातं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हेडक्लार्क पाय चाटत बसलेली.

मंगळवारी काकूने दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. बुधवारी संध्याकाळी तिने पुस्तकं दाबायच्या शिकंज्यातून एक वही काढली. तळहाताएवढी. कोपऱ्यांना चामडं, पानांना क्रमांक, आत रकाने, पाठीवर सोनेरी अक्षरं: 'सेवापुस्तक'. भिंतीवरची एकूण एक रेघ आत उतरवलेली. रुजू होण्याची तारीख. कामगिरी: उंदीर एकशे बेचाळीस. रजा: तीन आठवडे, बाळंतपण. शेरा: 'कामावर झोपते, पण झोपेतही वचक आहे.'

मी हसून हसून बाकावरून खाली आले. "काकू, पालिकेचा साहेब ही वही बघून एवढा हसेल, एवढा हसेल, की मांजराबरोबर तुलाही गाडीत घालेल!"

"हसणार नाही," काकू म्हणाली. "उलट सही करेल."

"पैज?"

"पैज. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद. त्या पोरींना जमवून तू माझं नाक ओढून बोलणं करून दाखवतेस ना, ते. कानावर आहे माझ्या."

गुरुवारी साहेब आले. मागे जाळी घेतलेला माणूस, त्याच्या मागे परदेशकाका, लग्नघरच्या मामासारखे लगबगीत.

"हेच ते बेवारस?" साहेबांनी विचारलं.

"बेवारस कसलं?" काकू म्हणाली. "नोकरीला आहे."

"म्हणजे पाळलंय!" परदेशकाका ओरडले. "नियम आहे!"

"पाळलं असतं तर कामाला लावलं असतं का, भाऊजी? तुम्हाला घरी कुणी काम सांगतं?"

साहेबांनी वही घेतली. पहिलं पान उघडलं आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. झालं होतं असं, की त्यांच्या कचेरीतल्या नोंदवह्या वीस वर्षं काकूच बांधत आली होती. तेच रकाने, तेच कोपरे, तीच सोनेरी अक्षरं. बिनकागदाचं मांजर त्यांनी रोज डझनाने उचललं होतं. पण क्रमांक घातलेली, शिवलेली वही? तिच्यापुढे त्यांचं काही चालत नसे. ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचत गेले आणि शेवटच्या रकान्यापाशी थबकले.

"'तपासले' कोरं आहे."

"वरिष्ठांची सही लागते," काकू खाली मान घालून म्हणाली. "आमच्याकडे वरिष्ठ कोण, साहेब?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं, सही केली, खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फुंकरही मारली. मग अर्जावर लिहिलं: 'सदर मांजर बेवारस नसून सेवेत आहे.' जाळीवाला रिकामी जाळी खांद्यावर टाकून निघाला.

"तिकडे असं चालत नाही!" परदेशकाका म्हणाले.

"तिकडे मांजराला घर मिळतं," खलाशीबाबा बाकावरून म्हणाले. "इकडे आधी वही लागते."

हेडक्लार्कने एक डोळा उघडला आणि सही झालेल्या पानावर पाय पसरले.

मी हरले. आज बंदीच्या महिन्यातला नववा दिवस आहे, आणि काकूचं नाक ओढून बोलणं घशाशी येऊन अडतंय. लिहायचं नाही असं मात्र पैजेत ठरलं नव्हतं.