गोड्या पाण्याचा चिखल

खोल विहीर खोदताना पाइपातून खाली सोडतात आणि दगडाचा भुगा घेऊन जो वर येतो, तो चिखल तपासणं हे माझं काम. आम्ही त्याला मड म्हणतो. लिंबागणेशजवळ जमिनीखालची उष्णता शोधायला खोदत होते, तिथे मी होतो. तळाशी दगड इतका तापलेला की मड बिघडलं तर पिठल्यासारखं आळून बसणार आणि पाइप अडकणार. म्हणून रोज नमुना पोलादी डब्यात कोंडायचा, तळाइतक्याच गरम ओव्हनमध्ये सोळा तास फिरवायचा आणि मग तपासायचा.

एका सकाळी डबा उघडला तर आत गोळा. पाणी तपासलं. टाकीत टँकरचं गोडं पाणी असायचं, त्यात कुणीतरी बोअरचं जड पाणी ओतलं होतं. क्षार भरमसाट. माझं टाळकंच सरकलं. टाकीवर एकच पहारेकरी, गावातलाच. अहवालात कारणाच्या रकान्यात ‘पहारेकऱ्याचा निष्काळजीपणा’ लिहिलं, सही ठोकली, पाठवून दिलं आणि मग त्याला झापायला गेलो. आधी शिक्षा, मग चौकशी. अशी माझी अक्कल.

त्यानं काहीच लपवलं नाही.

“बाया हंडे घेऊन आलत्या, साहेब. न्हाई म्हणवलं न्हाई. जेवढं दिलं तेवढं बोअरचं भरून ठिवलं, टाकी कमी न्हाई केली.”

“अरे, पण ते जड पाणी मडला चालत नाही!”

“लेकरं तेच पितेत की. चिखलाला गोडं अन् लेकरांना जड, आन् वरून तुमीच कशापायी चिडता?”

मी आणखी ओरडलो.

दोन पोती सोडा टाकल्यावर क्षार बसला. दुसऱ्या दिवशी ओव्हनमधून मड नीट निघालं. एवढंच होतं ते. मी साइटच्या साहेबांकडे गेलो, म्हटलं, पहारेकऱ्याला काढू नका. ही नोकरी आहे म्हणून तो यंदा ऊसतोडीला जाणार नव्हता, पोरीची शाळा बुडू नये म्हणून. साहेब चहा पीत होते. “सही तुमचीच आहे ना?” म्हणाले. त्या माणसाच्या अंगावर कप फेकावासा वाटला. फेकला नाही. नोकरी मलाही हवी होती.

दिवाळीनंतर नेकनूरच्या फाट्यावर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर उभा दिसला. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, त्यावर पहारेकऱ्याची बायको आणि ती पोरगी. तो खाली दोरी आवळत होता. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यानंच हाक मारली.

“साहेब, सुधरला का तुमचा चिखल?”

“सुधरला,” म्हटलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. अगदी मनापासून.

शिवी दिली असती तर परवडली असती.