ड्रमाला वास नव्हता

"पी, म्हातारबा. सगळ्यांसमोर पी."

कारखान्याच्या धाकट्या मालकांनी स्टीलचा पेला माझ्यापुढं धरला. पाणी निळ्या ड्रममधलं. चकलांब्याजवळच्या आमच्या वस्तीवर समाजमंदिरापुढं सगळी माणसं बसलेली. मालक खुर्चीवर, स्वतःच्या हातात सीलबंद बाटली.

"बघा, बघा. मेंढरासारखं हुंगतंय. पी बे!"

आम्ही मेंढपाळ, म्हणून मेंढरू. माझ्या पोराच्या वयाचा माणूस. लोक हसले. मीही हसलो. आणि प्यालो.

मग टेम्पोतले ड्रम घरोघर गेले.

गेवराईकडं हायवेला मालकांचा ताडपत्रीचा कारखाना. मेंढरं विकून मी तिथं लागलो. कापडानं पाणी धरू नये म्हणून ते दुधासारख्या पांढऱ्या रसायनात बुडवायचे. रसायन ड्रममधून यायचं. रिकामे ड्रम धुणं हे माझं काम. सोडा, राख, मग उन्हात पालथे. शेवटी मी आत डोकं घालून हुंगायचो. वास गेला की ड्रम पास, मग तो वस्तीवर पाणी भरायला जायचा. माझ्या नाकावर सगळ्या वस्तीचा भरवसा.

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. ज्याच्या दारात ड्रम, त्याच्या घरात पाणी. लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर ड्रम द्यायची रीतच पडली. माझ्या सखूला मी चांगला बघून दिला. म्हणालो, "धुतलाय, पी बिनघोर."

जुन्या रसायनाला उग्र वास होता. ते बंद झालं. मालक म्हणाले, "त्याच्यावर बाहेरच्या देशांत बंदी आली. हे नवं. एकदम सेफ."

नव्याला वासच नव्हता. लोकांना तरी शंका आली, म्हणून तो सगळ्यांसमोरचा पेला. मला मात्र बरं वाटलं होतं. धुणं कमी झालं. सखूला दिलेला ड्रम त्या नव्याचाच.

पण एक गोष्ट मला दिसत होती. कितीही धुतलं तरी त्या ड्रमांच्या आतल्या अंगाला पाणी धरायचं नाही. अळूच्या पानावरून पळावेत तसे थेंब पळायचे. बायकांना त्याचं कौतुक. मला माहीत होतं की ताडपत्रीवरसुद्धा थेंब असेच पळतात. मी बोललो नाही. काम जाईल ही भीती खरी होती. गप्प बसलो तेही खरं.

सखू काडीसारखी. अर्ध्या भाकरीवर दिवस काढणारी. आरोग्य शिबिरात तिला साखर निघाली, यकृतावर चरबी निघाली. वस्तीवर आणखी काहींना निघाली. त्या शिबिरात मालक पाहुणे होते. सखूकडं बघून म्हणाले, "फुकटचं रेशन. चरबी चढणारच की."

सखूनं पदर ओढून घेतला.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर बाजूला घेतलं. "आबा, पाणी कशात भरता?"

मी सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

"ही रसायनं लवकर मोडत नाहीत. जुन्याच्या जागी आणलेली नवीसुद्धा यकृतावर, चरबीवर, साखरेवर परिणाम करतात असा संशय आहे. शोध चालू आहे. सखूताईंचं त्यानंच झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तपासायला हवं. पण त्या ड्रममधलं पाणी बंद करा."

"वास न्हवता, बाई."

"याला वास येईलच असं नाही, आबा."

मी वस्तीवर बोललो. बातमी पोचली. मालक आले. तीच खुर्ची, तसाच पेला.

"ह्यांना सांग, म्हातारबा. ड्रम धुतलेत का न्हाई? पिऊन दाखव."

मी पेला घेतला.

"धुतलेत," मी म्हणालो. "वासाला धुतलेत. आत काय राहिलं ते मला तवाबी माहीत न्हवतं, आताबी न्हाई. मी पिणार न्हाई. कुणीच पिऊ नका."

"चळलं बे म्हातारं!"

या वेळी कुणी हसलं नाही. पण माझ्या बाजूनंही कुणी उठलं नाही. मागून एक बाई तेवढी ओरडली, "मग पाणी कशात भरू, आबा? लुगड्यात?"

तिचंही खरं होतं.

पाणी मी सांडलं नाही. आमच्यात पाणी सांडत नाहीत. पेला मालकांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. ते त्याच्याकडं बघत राहिले. मग आपल्या बाटलीचं बूच घट्ट केलं आणि उठले.

सखूचा ड्रम मी आणलाय. फोडलेला नाही. झाकण बांधून माझ्या खोपटात ठेवलाय. तपासणारं कुणी येत नसेल तर मी तो डोक्यावर घेऊन बीडला, कलेक्टरच्या दारात नेऊन ठेवणार. तपासायला रक्त मागतील तर रक्त देणार.

सखू विचारते, "आबा, मी बरी व्हईन ना?"

"माहीत न्हाई, बाय," म्हणतो. या तोंडानं तिला एकदा 'पी' म्हणून सांगितलंय. आता दिलासा द्यायचा हक्क त्याला नाही.

उद्यापासून दारोदार जाणार आहे. जिथं जिथं माझ्या हातचा ड्रम उभा आहे, त्या प्रत्येक दारात. दार लावून घेतलं तर बाहेर उभा राहून सांगणार.