काकूंचा तंबू

अधारताल मोहल्ल्यात आमच्या समोर राहणाऱ्या काकू ओठांत टाचण्या धरूनच बोलायच्या. आयुष्यभर लोकांचे ब्लाऊज शिवलेल्या. कुणी काही सांगितलं की त्या आधी कारण विचारायच्या, "काहून?"

गेल्या हिवाळ्यात त्यांनी तंबू शिवायला घेतला. नर्मदेकाठी चार दिवस एकटीनं राहायचं त्यांच्या मनात होतं. मुलगा चिडला. "आई, इस उमर में? लोग क्या कहेंगे?" काकूंनी छत्रीचं कापड आणलं, मशीनला जाड सुई लावली आणि प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप मारून वरून मेण घासलं.

"पाऊस आला तर गळेल ना, काकू?" मी म्हणाले.

"चल, पाहून घेऊ."

गल्लीतच दोन बांबूंवर दोरी ताणून त्यांनी तंबू उभा केला, आत जाऊन बसल्या आणि मला वरून पाणी ओतायला लावलं. शेजारीपाजारी जमले. मुलगा दारातून ओरडला, "बाहर आओ, तमाशा हो रहा है!"

"और डाल!" आतून काकूंचा आवाज आला.

तिसऱ्या बादलीला एक कोपरा झिरपला. काकूंनी बाहेर येऊन तिथं खडूनं खूण केली आणि मुलासमोरूनच तंबू घरात नेला.

"सोमवारी जाऊन राहिली मी," त्या मला निघायचा बेत सांगत म्हणाल्या. "तू येते का?"

"घरी विचारून सांगते."

काकूंनी ओठांत टाचणी धरली आणि झिरपलेला कोपरा पुन्हा शिवायला घेतला. सोमवारी त्या एकट्याच गेल्या. मी घरी विचारलंच नव्हतं.