नोंदवहीतली संजना

देवबागच्या गुणाजी तांडेलांची जान्हवी मालवणच्या कॉलेजात बी.ए. करत होती. मुख्य विषय मराठी. दुय्यम विषय म्हणून तिने 'बालविकास आणि कुटुंब' घेतला, तोही त्याचे तास सकाळी असत आणि दुपारची एस.टी. मिळे म्हणून. तिची आई सत्यवती हसली होती, "पोरां वाढवूक पुस्तक कित्याक लागता गो?"

२००३च्या दिवाळीनंतर त्या विषयाच्या बाईंनी प्रत्येकीला एका लहान मुलाच्या तीन महिन्यांच्या नोंदी ठेवायला सांगितल्या. जान्हवीने घरातलीच निवडली, भाऊ रविराजची दोन वर्षांची संजना. चालणं, खाणं, खेळणं हे रकाने भराभर भरले. 'हाकेला प्रतिसाद' मात्र कोराच राहिला. एकदा संजना पाठमोरी बसलेली असताना जान्हवीने परात आपटली. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. संजना शिंपल्यांशी खेळत राहिली.

मग तिच्या लक्षात आलं, वहिनी मुलीला कधी मागून हाक मारतच नाही. आधी समोर येते, मगच बोलते.

"वयनी, संजनाक आयकाक येणा नाय?"

शर्मिलावहिनीच्या हातातली कोयती थांबली. "माका म्हायती आसा. वरीस झाला." तिचा आवाज अगदी खाली गेला. "माझो काको जन्मापासून बहिरो-मुको. ह्यां कळला तर माका म्हायेराक धाडतीत. लिवू नको गो."

जान्हवी आठवडाभर गप्प राहिली. पण वर्गात बाई म्हणाल्या होत्या, अशा मुलांचा एकेक महिना मोलाचा असतो. शेवटी तिने लिहिलं आणि जेवताना घरातही सांगितलं.

रविराज ताटावरून उठला. "माझा चेडू बहिरां? शिकलंस म्हणान कायपण बोलतलंस?" पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मुलीमागे उभं राहून टाळ्या वाजवून पाहिल्या. नंतर वहिनीला इतकंच विचारलं, "तुका ठावक होता?" चार दिवसांनी तो मायलेकींना विजयदुर्गला वहिनीच्या माहेरी सोडून आला. सत्यवती लेकीला म्हणाली, "तुझ्या शिक्षणान घर फोडल्यान."

जान्हवीच्या नोंदवहीला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. तिने ती घरी आणलीच नाही.

महिनाभराने ती एकटीच विजयदुर्गला गेली. वहिनी दारातच उभी राहिली. "आता कित्याक इलंस?"

"संजनाक कोल्हापुराक दाखवया. बाईंनी डॉक्टरांक चिठी दिल्यानी."

वहिनी दारातून बाजूला झाली. मग आत जाऊन तिने मुलीला नवा फ्रॉक घातला.

तपासणीत दोन्ही कान गेलेले निघाले. मशीन लावलं तर थोडंफार ऐकू येईल, पण मेहनत फार लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे ऐकून गुणाजी स्वतः विजयदुर्गला गेले. "सुनेचो काय गुन्हो?" एवढंच बोलून त्यांनी दोघींना परत आणलं. रविराजला बायकोशी नीट बोलायला आणखी वर्ष लागलं.

सहाव्या वर्षी संजना कोल्हापूरच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत गेली. तिला आणि वहिनीला घेऊन बस सुटल्यावर रविराज स्टँडवरच खाली बसला आणि पोटभर रडला.

जान्हवी पुढे गावातच अंगणवाडी सेविका झाली. शर्मिलावहिनी तिच्याशी कामापुरतं बोलते. एकदा मासे साफ करता करता तीच म्हणाली, "तू सांगलंस ता बरा केलंस. पण माका इचारून सांगूक होया होता."