लिओनाच्या दारावरची चिठ्ठी

हार्लन टीगचा सख्ख्या भावावर विश्वास नव्हता, मग शेजारणीवर कुठून असणार? कोलोरॅडोतल्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून दर ऑगस्टात तो अकरा हजार फुटांवरच्या सरकारी जंगलात अळंबी गोळा करायला एकटाच जायचा. डोंगरावर निघण्याआधी त्याच्या गल्लीतला प्रत्येक जण शेजारच्या लिओना विहीलच्या दारावर चिठ्ठी लावायचा: कुठली वाट आणि किती वाजता परत. दुपारी वर विजा कोसळतात, म्हणून वेळेत कोणी परतलं नाही की लिओना हालचाल करायची.

"हिला कशाला हव्यात नसत्या चौकशा? माझ्या अळंबीवर डोळा आहे हिचा!" असं पुटपुटत हार्लन पडदे ओढून नकाशा उघडायचा आणि चिठ्ठीत मुद्दाम समोरच्या डोंगराची वाट लिहायचा.

यंदा ओल्या मुळावरून घसरून त्याचा घोटा मुरगळला. चिठ्ठीत लिहिलेली बाराची वेळ टळून दोन वाजले, ढग गडगडायला लागले. आता सगळे आपल्याला समोरच्या डोंगरावर शोधणार, हे त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात काठी टेकत लिओनाच वर आली.

"तुला कसं कळलं मी इथे आहे?"

"अरे, तू लिहितोस तिकडे कधीच जात नाहीस, हे मला अकरा वर्षं माहीत आहे. अळंबी कुठे उगवते तेही. ऊठ आता!"

तिच्या खांद्यावर हात टाकून हार्लन लंगडत निघाला. शंभरेक पावलांवर तो थांबला. मग न राहवून म्हणाला, "तरीच म्हटलं, दरवर्षी अळंबी कमी कशी होते!"