सोनवणे सरांच्या चार टेकड्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सोनवणे सरांचं नाव घेतो. धुळ्याच्या कॉलेजात ते आम्हाला भूशास्त्र शिकवायचे. हातोडीने दगड फोडला की ताज्या बाजूला ते जीभ लावत. ओल्या दगडात स्फटिक स्पष्ट दिसतात. साक्रीकडच्या एका गावात पारावरच्या आबांनी विचारलं, "मास्तर, दगड गोड शे का?"

"गोड नै आबा, जुना शे. चाखी दखा!" सर म्हणाले. अख्खा पार हसला.

मी चाळीसगावजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. सर सांगतील ते मी त्यांच्या तोंडाकडे बघत उतरवून घ्यायचो. ते ओरडायचे, "माझ्या तोंडाकडे काय बघतो? दगडाकडे बघ!"

साक्रीकडच्या त्या गावामागे चार फिकट टेकड्या आहेत. आपल्या खानदेशातला काळा दगड म्हणजे पातळ, लांबवर पसरलेला लाव्हा. पण या टेकड्यांचा लाव्हा घट्ट होता, जिथून निघाला तिथेच फुगून घुमटासारखा थिजला, असं सरांचं म्हणणं. "घट्ट पिठलं ताटात पसरतं का?" ते विचारायचे. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी या चार घुमटांच्या नकाशात घातली. निवृत्तीआधी जळगावच्या परिषदेत तो मांडायचा होता. फक्त पश्चिमेची टेकडी जवळून पाहायची राहिली होती आणि गुडघे चालू देत नव्हते. ती त्यांनी मला दिली.

घुमटात लाव्हाचे पट्टे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वळलेले असतात. मला ते दिसेनात. टेकडीच्या दोन्ही कडा सरळ उभ्या, आणि लाव्हा थिजताना तडकून झालेले दगडाचे खांब सरपण रचावं तसे आडवे. म्हणजे ती नंतर भेगेत शिरलेल्या लाव्हाची भिंत होती. पुन्हा जाऊन खात्री केली आणि सरांच्या घरी गेलो.

"सर, चौथा घुमट नाही."

त्यांनी नमुने पाहिले, फोटो पाहिले. काकूंनी ठेवलेला चहा निवून गेला. मग त्यांनी खोडरबर मागितला आणि स्वतःच्या हाताने नकाशावरची चौथ्या घुमटाची रेघ पुसली.

"मग बाकीचे तीन तरी खरे का रे?"

जळगावला त्यांनी नकाशा मांडलाच नाही. पुढे निवृत्त झाले, अर्धांगवायूने वाचा गेली. मी रजा काढून उरलेल्या टेकड्या पायी फिरलो आणि पत्र पाठवलं. काकूंनी ते त्यांना वाचून दाखवलं.

"आदरणीय सर,
सविनय जयभीम. पूर्वेच्या टेकडीपासून सुरुवात केली. कडेला पट्टे उभे आहेत, माथ्याकडे आडवे होत जातात. मधल्या टेकडीवरही तसंच. तिसरीच्या पायथ्याला फुटून घसरलेल्या दगडांचा थर आहे, घट्ट लाव्हाच्या कडेला असतो तसा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. उलटं निघालं असतं तर तेही कळवलं असतं. सर, तिन्ही घुमट आहेत.
आपला विद्यार्थी,
मिलिंद"