शमीमचा मॅक आणि शकुबाईचे धवळे

शमीम मुकादम मूळची उरणकडची. वाशीतल्या एका छापखान्यात ती मॅकवर पानं जुळवायची. शेजारच्या विंडोजच्या मशीनवर तळवलीची सगुणा मजकूर टाइप करायची. दोघींचं एका गोष्टीवरून कायम चालायचं. शमीम म्हणायची, माझ्या मशीनला व्हायरसची बाधा होत नाही. सगुणाचं म्हणणं, अख्ख्या वाशीत मॅक असतील किती, चोरसुद्धा मोठी वस्ती बघूनच शिरतो. आदल्या वर्षी गिऱ्हाइकाच्या डिस्कवरून एक किडा मॅकमध्येही शिरला आणि फोटोंच्या फाइली नासल्या, तेव्हापासून शमीमचा आवाज जरा खाली आला होता.

नव्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये सगुणा एक पुस्तक टाइप करत होती. तिची आते शकुबाई गावोगावच्या आगरी लग्नांत धवळे गायची. ती गाणी कुणीच लिहून ठेवलेली नव्हती. सगुणाने आतेला शेजारी बसवून ती उतरवली. फ्लॉपीवर घ्यायचं मात्र राहून गेलं.

सव्वीस तारखेला सकाळी सगुणाने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. छापखान्यातल्या विंडोजच्या बाकी मशीनही तशाच. दुपारी दुरुस्तीवाला आला. त्याने सांगितलं, हा व्हायरस कधीचाच आत येऊन आजच्या तारखेची वाट बघत बसला होता, आणि आज जगभर मशीन अशाच बसल्यात; आतलं सगळं पुसलं गेलंय.

शमीमचा मॅक चालू होता, पण तिला जिंकल्यासारखं काही वाटेना. कुठल्या तरी देशात एकाने प्रोग्रॅमच्या चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या वाट शोधत वाशीतल्या या टेबलापर्यंत पोचल्या होत्या.

बातमी कानावर गेली तशी तिसऱ्या दिवशी शकुबाई स्वतःच छापखान्यात आली. भाची काही सांगायच्या आत म्हणाली, "मशीन मेली, मी हाय ना अजून. बस, लिवून घे."

सगुणा मॅकवर बसली, कळफलक दाखवायला शमीम बाजूला. शकुबाईने डोळे मिटले आणि मांडव घालण्यापासून सुरुवात केली. हळद आली, तेलवण आलं, देवांना आवतण गेलं. कुठे अडली नाही, कुठे मागे वळली नाही. मध्येच सगुणाचा हात थांबला. समुद्राला लग्नाला बोलावणारं एक कडवं पहिल्या वेळी नव्हतंच.

"तवा ते आलं नव्हतं," शकुबाई म्हणाली. "आज आलं."

छापखान्यातली बाकीची कामं कधी थांबली, कुणालाच कळलं नाही. मालकसुद्धा दारात उभे राहून ऐकत होते. एवढं सगळं एका बाईच्या आत इतकी वर्षं राहतं कसं, हेच शमीमला उमगेना.

या वेळी फ्लॉपीवर उतरवल्याशिवाय दोघी उठल्या नाहीत. पुस्तक मे महिन्यात निघालं, त्या कडव्यासकट.

आणि पुढच्या सुट्टीत शमीम उरणला गेली तेव्हा कोरी वही घेऊन आईपुढे बसली. म्हणाली, "अम्मी, मेंदीच्या रात्री तुम्ही बायका म्हणता ती गाणी सांग. सगळी."